ड्रॅग स्टोरी अवरमध्ये नेमकं काय असतं, आणि पाच वर्षांच्या मुलीला न्यावं का?

लायब्ररीतल्या ड्रॅग स्टोरी अवरला पाच वर्षांच्या मुलीला न्यावं का, असं तुम्ही विचारलंत. ड्रॅग म्हणजे भडक वेश आणि मेकअप करून घेतलेलं स्त्रीचं किंवा पुरुषाचं सोंग, बहुतेकदा पुरुषानं घेतलेलं स्त्रीचं. पालकांच्या ग्रुपवर आलेला जो व्हिडिओ बघून तुम्ही धास्तावलात, तो आधी नीट बघा. मागे बारचं काउंटर, टेबलांवर ग्लास, कलाकाराच्या हातात प्रेक्षकांनी दिलेल्या डॉलरच्या नोटा असं काही दिसत असेल, तर तो ड्रॅग ब्रंच आहे, म्हणजे हॉटेलात खाण्यापिण्यासोबत चालणारा प्रयोग, किंवा रात्रीचा शो. तुमच्या न्यू जर्सीतल्या लायब्ररीच्या कॅलेंडरवर शनिवारी सकाळी लागलेला ‘ड्रॅग स्टोरी अवर’, म्हणजे ड्रॅगमधल्या कलाकारानं मुलांना गोष्टी वाचून दाखवायचा कार्यक्रम, ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हीकडचा कलाकार ड्रॅगमध्ये असतो, साम्य एवढंच. या वादातला निम्मा घोळ या सरमिसळीतून होतो. म्हणून मुलीला न्यावं का आणि पालकांच्या ग्रुपमधल्या दोन तटांपैकी कुणाचं खरं, या तुमच्या प्रश्नांआधी कार्यक्रमाबद्दल लिहितो.

सुरुवात 2015 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागातल्या, समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढलेले तिथले नेते हार्वी मिल्क यांचं नाव दिलेल्या लायब्ररीत झाली. कल्पना लेखिका मिशेल टी यांची. आधीचं नाव ‘ड्रॅग क्वीन स्टोरी अवर’, 2022 मध्ये त्यातलं ‘क्वीन’ गेलं. मांडणी मात्र कुठल्याही अमेरिकन लायब्ररीत दर आठवड्याला होणाऱ्या स्टोरी टाइमचीच: साधारण तीन ते आठ वयाची मुलं, 30 ते 45 मिनिटं, तीन-चार चित्रपुस्तकं, मधे एखादं हातवाऱ्यांचं गाणं, शेवटी रंगवायचे कागद किंवा पुठ्ठ्याचा मुकुट. मुलं गालिच्यावर, पालक त्यांच्या शेजारी किंवा मागे, आणि लायब्ररियन खोलीत हजर.

वाचणाऱ्याला हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पुस्तक खांद्याच्या उंचीला बाजूला धरायचं, चित्रं मुलांकडे, स्वतः मजकूर तिरक्या नजरेनं वाचायचा आणि दुसऱ्या हातानं खालच्या कोपऱ्यातून पान उलटायचं. लांब नखं किंवा सॅटिनचे हातमोजे असले की दोन पानं एकदम उलटतात आणि गोष्टीचा धागा तुटतो. जाड खोट्या पापण्यांमुळे बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून अनुभवी कलाकार मोठ्या टायपाची, पाचशे शब्दांच्या आतली पुस्तकं घेतात आणि घरी मोठ्यानं वाचून येतात. जी मंडळी फक्त पोशाखाच्या जोरावर येतात त्यांच्या चौथ्या पानालाच चुळबुळ सुरू होते, कारण मुलांचं पोशाखाचं कुतूहल फार वेळ टिकत नाही. फार लहान मुलं कधी कधी भडक मेकअपला बिचकून रडतात. त्यांना घेऊन मागे बसावं.

आता आक्षेप. विरोध करणारे सगळे द्वेषानं बोलतात असं समजू नका. एक आक्षेप असा की ड्रॅगचा उगम मोठ्यांच्या करमणुकीत आहे, तर ते मुलांपुढे का आणायचं? दुसरा असा की हा नुसता विरंगुळा नसून त्यामागे भूमिका आहे. याला आधार आहे: या उपक्रमात वाचणाऱ्या, ‘लिल मिस हॉट मेस’ हे रंगमंचीय नाव घेतलेल्या ड्रॅग कलाकारानं शिक्षणाचे अभ्यासक हार्पर कीनन यांच्यासोबत शिक्षणशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहून ड्रॅगकडे मुलांना ठरीव चौकटींपलीकडे बघायला शिकवण्याचं साधन म्हणून पाहिलं आहे. ज्या पालकांना हे मान्य नाही त्यांनी न जाणं अगदी रास्त आहे. पण आपण न जाणं आणि दुसऱ्यालाही जाऊ न देणं यांत मोठं अंतर आहे, आणि अमेरिकेतली सगळी कोर्टबाजी त्या अंतरात चालली आहे.

टेनेसीच्या 2023 च्या कायद्यात सार्वजनिक जागी किंवा मुलांना दिसेल अशा ठिकाणी ‘अल्पवयीनांना हानिकारक’ प्रयोग करायला बंदी आहे, आणि त्यात स्त्री-पुरुषांची सोंगं घेणाऱ्या कलाकारांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मेम्फिसच्या फेडरल न्यायाधीशांनी जून 2023 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. जुलै 2024 मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, पण याचिका करणाऱ्यांना दावा करण्याचा अधिकारच पोचत नाही या मुद्द्यावर. इथे ‘हानिकारक’ हा मोघम शब्द नाही. 1968 आणि 1973 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांतून त्याची कसोटी तयार झाली आहे: आशय उघड लैंगिक, मुलांसाठी गैर आणि त्याला कसलंही गंभीर मूल्य नसलेला असावा लागतो. बेडकाची गोष्ट वाचणं त्यात बसत नाही, वाचणाऱ्यानं काहीही घातलेलं असो.

मोंटाना राज्यानं मे 2023 मध्ये ही कसोटी बाजूला ठेवली आणि शाळा व सार्वजनिक लायब्ररीतल्या ड्रॅग वाचनावरच बंदी घातली. व्याख्या पोशाख, मेकअप आणि अविर्भावावर बेतलेली, आशय लैंगिक असण्याची अट नाही. परिणाम लगेच दिसला: बुट शहराच्या लायब्ररीनं जूनमध्ये एका ट्रान्सजेंडर लेखिकेचं इतिहासावरचं भाषण याच कायद्याकडे बोट दाखवून रद्द केलं. तिथे ना ड्रॅग होतं ना बालवाचन. ऑक्टोबर 2023 मध्ये फेडरल कोर्टानं त्या कायद्याला अंतरिम मनाई दिली. कपड्यावरून कायदा केला की तो कुणाच्या अंगावर येईल हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि म्हणून मी अशा बंदीच्या ठाम विरोधात आहे.

आणखी एक भेद तुमच्या कामाचा आहे. कार्यक्रम लायब्ररी स्वतः करते, की बाहेरच्या कुणी खोली आरक्षित केली आहे? स्वतःचा असेल तर ठेवायचा की नाही हे बव्हंशी लायब्ररीच्या हातात असतं. बाहेरच्यांना खोली द्यायची पद्धत असेल तर मात्र विचार पटत नाहीत म्हणून सार्वजनिक लायब्ररीला नाही म्हणता येत नाही. 2022 च्या अखेरीस अभिनेते कर्क कॅमरन यांनी आपल्या ख्रिस्ती बालपुस्तकाच्या वाचनासाठी याच नियमानुसार लायब्ररीच्या खोल्या घेतल्या, आणि गर्दीही झाली. खोली एकाला नाकारायची रीत पडली की ती उद्या गणपतीची गोष्ट सांगणाऱ्या मराठी मंडळालाही लागू होते. ग्रुपमधल्या दोन्ही तटांना हे सांगा.

न्यायचं ठरवण्याआधी लायब्ररीला फोन करून चार गोष्टी विचारा: पुस्तकांची यादी कोणती, वाचणाऱ्याचं बॅकग्राउंड चेक (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) झालंय का, पालकांनी खोलीतच बसायचं आहे का, आणि फोटो-व्हिडिओचा नियम काय. बॅकग्राउंड चेकचा आग्रह धराच. ह्यूस्टनच्या सार्वजनिक लायब्ररीनं ते केलं नव्हतं आणि वाचणाऱ्यांपैकी एकाची लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद असल्याचं 2019 मध्ये उघड झालं. लायब्ररीला माफी मागावी लागली. विरोधक हे उदाहरण नेहमी देतात आणि ती चूक खरीच होती. पण उपाय ड्रॅग थांबवणं हा नाही. विदूषक, जादूगार, गाणारा, जो कुणी मुलांसमोर उभा राहील त्याची तपासणी व्हायला हवी.

यादी हातात आली की तीच पुस्तकं लायब्ररीतून आणून घरी वाचून बघा. पाच वर्षांच्या मुलीला ती द्यावीशी वाटली तर जा, नाही तर नका जाऊ. निर्णयाला एवढा आधार पुरे आहे.

पाठिंबा असो वा आक्षेप, तो मांडायची जागा म्हणजे लायब्ररीच्या विश्वस्त मंडळाची मासिक सभा. ती खुली असते आणि तिथे नागरिकांना बोलायला वेळ मिळतो, बहुधा माणशी दोन-तीन मिनिटं. लिहून न्या, पहिल्या वाक्यात कार्यक्रमाची तारीख आणि तुमची मागणी सांगा. व्हिडिओबद्दल बोलत बसाल तर वेळ संपेल.

बालगंधर्वांना लुगड्यात डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्रातून आलेल्यांनी याला का बिचकावं, असा मुद्दाही तुमच्या ग्रुपवर कुणीतरी मांडलाय. पुरुषानं स्त्रीवेश घेतला की मुलं बिघडतात या भीतीला ते चोख उत्तर आहे. पुढे मात्र ती तुलना फार जात नाही. बालगंधर्वांची भूमिका म्हणजे स्त्रीचं तंतोतंत, देखणं रूप. बायका त्यांच्यावरून नेसण्याची तऱ्हा घ्यायच्या. ड्रॅगमध्ये अतिशयोक्ती मुद्दाम असते, ती दिसावी म्हणूनच केलेली.

निदर्शनांची तयारी ठेवा. जून 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लोरेन्झोच्या लायब्ररीत ‘प्राउड बॉइज’ या अतिउजव्या गटाचे लोक वाचन चालू असताना थेट खोलीत घुसले होते. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं आणि सोबत मूल असेल तरच मोठ्यांना आत सोडतात. नोंदणी उघडल्याबरोबर करा, कारण जागा अडवण्यासाठी खोटी नावंही टाकली जातात. फुटपाथवर घोषणा द्यायचा हक्क निदर्शकांना आहे, त्यांच्याशी वाद घालू नका आणि मुलीचा फोटो कुणाला काढू देऊ नका. दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा, मागचं दार कुठे आहे ते विचारून ठेवा आणि दाराजवळची जागा धरा, म्हणजे ती कंटाळली किंवा घाबरली तर गोष्टीच्या मधेही उठून बाहेर येता येईल.