भासऱ्यांनी बाटल्या आणायला धाडलं

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. आम्ही देवळी तालुक्यातले. पुतण्याच्या हळदीच्या रात्री मोठ्या भासऱ्यांनी वावरात पार्टी ठेवली. माझा मुलगा 17 वर्षांचा, नुकतीच बारावीची परीक्षा दिली. "माही गाडी घे न पुलगावच्या पुलापलीकडून चार खंबे घेऊन ये," म्हणून त्यांनी त्याले धाडलं. येताना पोलिसांनी धरलं. मुलगा पीत नाही, तरी रात्री अकरापर्यंत ठाण्यात बसवला, मग आमच्या ताब्यात दिला. आता घरचे म्हणतात, "पोट्टं लहान आहे, त्याले काही होत नाही. आपल्या मनानं आणली म्हणून सांगू दे." त्याला पोलीस भरतीची तयारी करायची आहे. काय करावं? — एक आई

उत्तर : ताई, 'पोट्टं लहान आहे' हा हिशेब मी आर्वीच्या कोर्टात कितीदा ऐकला, मोजलं नाही. ज्याला पाठवलं त्याच्याच माथी मारायचं, आणि पाठवणारा वरातीत पुढं.

घरच्यांचं अर्धं खरं आहे. तुमचा मुलगा 18 च्या आत आहे, म्हणून त्याचं प्रकरण वर्ध्याच्या बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. भरतीची धास्ती घेऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम 24 प्रमाणे, अशा प्रकरणात दोष ठरला तरी त्यामुळे पुढं अपात्रता येत नाही.

उरलेलं अर्धं मात्र कोणी सांगत नाही. 2015 च्या याच कायद्याचं कलम 78 म्हणतं की मुलाकडून दारू आणवली, वाहून नेली किंवा विकवली तर करवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाने घोट घेतला की नाही, हे तिथं पाहत नाहीत. शेतात कोणी पोरांच्या हाती ग्लास दिला असेल तर कलम 77, शिक्षा तेवढीच. पुलापलीकडच्या दुकानदारानेही विचार करायला हवा होता. महाराष्ट्रात बियरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात, त्याने 17 च्या पोराला चार खंबे दिलेच कसे? आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, पुलापलीकडे दुसरा जिल्हा लागतो. (ती कुठं दिसते, ते मला विचारू नका.) म्हणजे बाटल्या पूल ओलांडून इकडे आल्या, तोच एक गुन्हा झाला.

गाडीचं तर कोणाच्या ध्यानातच नाही. 17 व्या वर्षी गिअरच्या गाडीचा परवाना मिळत नाही. गाडी भासऱ्यांची, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ मध्ये मालक म्हणून तेच येतात : तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, वर्षभर नोंदणी रद्द. शिवाय मुलाला 25 पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. माझ्या मते भरतीपेक्षा हीच गोष्ट त्याला जास्त सतावेल.

म्हणून मुलाला 'मीच आणली' म्हणू देऊ नका. खरं सांगितलं तर मोठ्यांनी वापरलेला मुलगा म्हणून मंडळ त्याच्याकडे पाहील. खोटं सांगितलं तर दारू वाहणारा तो एकटाच उरतो. कोणत्याही कागदावर त्याची सही होऊ देऊ नका. तारखेला दहावीचं प्रमाणपत्र सोबत न्या, वयाचा पुरावा म्हणून ते चालतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई आणि मूल, दोघांनाही तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि भासऱ्यांसमोर तोंड उघडवत नसेल, तर हा अंक हेच पान वर करून त्यांच्या खाटेवर ठेवा.