सातपूरच्या ऑफिसातल्या पीसीवरून मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये रूटने (मुख्य ॲडमिन खात्याने) लॉगिन होतंय, पण ग्रँट (हक्क देणारी कमांड) मारला की एरर १०४४, ॲक्सेस डिनाइड?
आधी सिलेक्ट करंट_यूजर() मारून बघा, नेमकं कोण म्हणून आत आलात ते कळेल, कारण मायएसक्यूएलच्या लेखी रूट ॲट लोकलहोस्ट (त्याच सर्व्हरवरून येणारा) आणि रूट ॲट पर्सेंट (कुठल्याही मशीनवरून येणारा) ही दोन वेगळी खाती आहेत, तुम्ही ऑफिसातल्या पीसीवरून सर्व्हरला जोडताय म्हणजे बहुतेक दुसरंच लागतंय आणि त्याला ग्रँट ऑप्शन, म्हणजे दुसऱ्यांना हक्क द्यायची मुभा, दिलेलाच नसणार. खात्याचे हक्क दाखवणाऱ्या शो ग्रँट्स कमांडमध्ये दिसेलच. सर्व्हरवरच जाऊन टर्मिनलमध्ये सुडो मायएसक्यूएल (ॲडमिन म्हणून मायएसक्यूएल उघडणं) करा, उबुंटूच्या पॅकेजने टाकलं असेल तर पासवर्ड पण विचारत नाही, तिथून विथ ग्रँट ऑप्शन लावून त्या दुसऱ्या खात्याला हक्क द्या. खरं तर ॲपसाठी वेगळा यूजरच काढा राव, रूट कशाला. मायएसक्यूएलची आवृत्ती ८.० किंवा पुढची असेल तर आधी क्रिएट यूजर, नुसत्या ग्रँटने यूजर बनत नाही आता. फ्लश प्रिव्हिलेजेस (हक्क पुन्हा लोड करणारी कमांड) सगळे सवयीने मारतात, ग्रँटनंतर गरज नसते.