फ्रान्सच्या ब्रिटनी भागाचा किनारा कसा आहे?

ब्रिटनी म्हणजे अटलांटिकमध्ये घुसलेलं फ्रान्सचं वायव्य टोक. खरी गंमत भरती-ओहोटीची. सँ-मालोजवळ मोठ्या उधाणाला पाणी १२ मीटरपर्यंत चढतं, आणि ओहोटीला लहान बंदरांतल्या होड्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात. तिथेच रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून भरतीच्या पाण्यावर वीज तयार होते.

उत्तरेला प्लुमानाकजवळ गुलाबी ग्रॅनाइटचे धोंडे, सुमारे ३० कोटी वर्षं जुने, कुणीतरी एकावर एक रचून ठेवल्यासारखे. एकच दिवस हाताशी असेल तर मी तिथेच जाईन, तेही उन्हं कलताना. दक्षिणेला मोर्बिहानचं आखात मात्र शांत, बेटाबेटांचं. ब्रेतों या ब्रिटनीच्या स्थानिक भाषेत नावाचा अर्थच ‘छोटा समुद्र’. डोंगर म्हणाल तर नावापुरते, सर्वांत उंच जागाही ४०० मीटरच्या आत.