गणित मागे ठेवू नकोस

प्रिय बाळा,

काल तुझ्या आईने तुझा मेसेज मला पाठवला. "कॅल्क्युलसच्या 1बीला सी ग्रेड आला. आता एक क्वार्टर, म्हणजे एक तिमाही सत्र, गणिताला सुट्टी, आधी जीई म्हणजे सामान्य शिक्षणाचे विषय उरकते." सी बघून मला काही वाटलं नाही. 'सुट्टी' वाचलं आणि झोप उडाली.

बोटांवर मोज. तुझ्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजला कॅल्क्युलसचे 1ए, 1बी, 1सी, 1डी, मग 2ए म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्स आणि 2बी म्हणजे लिनिअर अल्जिब्रा. झाले सहा कोर्स. युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होण्याआधीच्या दोन वर्षांतले फॉल, विंटर, स्प्रिंग मिळून क्वार्टर किती? सहाच. शेवटचे दोन जोडीने घेईन म्हणशील. घे, पण तेव्हा फिजिक्स आणि सर्किट्सही मानेवर बसलेले असतील. उन्हाळ्यात करीन म्हणशील, तर तिथे तोच पसारा निम्म्या आठवड्यांत कोंबतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ही सगळी तयारी ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत पुरी झालेली लागते. जीईचा एखादा कोर्स राहिला तर तो तिथे जाऊन करता येतो. 1डी राहिला तर 'तिथे' हा शब्दच राहत नाही.

म्हणून सांगतो, गणित मागे ठेवू नकोस.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1989 साली डिप्लोमा करून मी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसलो. बाकीच्या पोरांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं, माझी पाटी कोरी. एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या विषयाच्या, पहिल्या पेपरला लाप्लासचं चिन्ह बघून घाम फुटला. नापास झालो. मग शहाणपणा केला : एटीकेटी आहे ना, नापास विषय घेऊनही पुढे जाता येतं, एम-थ्री राहू दे, आधी सोपे विषय काढू. सोपे सगळे निघाले. एम-थ्री तीनदा राहिला आणि शेवटी वायडी (इयर डाउन) लागला, वर्ष गेलं. ते वर्ष मी घरी शेळ्या राखल्यासारखा बसून काढलं. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तुझी काकू म्हणते, याच हट्टापायी मी आपल्या पोराला इंजिनिअरिंगमधून पळवून लावलं. तसं नाही. त्याला इकॉनॉमिक्सच आवडत होतं. मी फक्त दर क्वार्टरला 'गणिताचं काय?' हा एकच प्रश्न विचारायचो. (बरं, आठवड्यातून दोनदा विचारायचो.) पण त्याचं गणित कधी मागे राहिलं नाही, आणि इकॉनॉमिक्सला तेच उपयोगी पडलं. हे काकूला सांगून उपयोग नाही.

असो. सी आलाय म्हणून रडू नकोस. सी मिळालेला कोर्स पुन्हा घेताही येत नाही, त्यामुळे तो विषय संपला. आणि कम्युनिटी कॉलेजातून जातेय म्हणून "मागच्या दाराने चाललेय" हे माझ्यासमोर पुन्हा म्हणू नकोस. उच्च शिक्षणाच्या 1960च्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्निया राज्याने हे दार मुद्दाम उघडं ठेवलंय. तुझी एवढीशी फी पाहिली की तुझ्या मैत्रिणींच्या आयांनाही ते कळतं.

टॅगचं, म्हणजे ट्रान्सफरला प्रवेशाच्या हमीचं, विचारलं होतंस. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सहा कॅम्पस ही हमी देतात, पण बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. एकाच ठिकाणी भरता येतो, तोही सप्टेंबरात. सांता बार्बराला इंजिनिअरिंगसाठी तो चालत नाही, ते नाव खोड. प्रवेशाचा मुख्य अर्ज ऑक्टोबरपासून सादर करता येतो. आणि मैत्रिणीने काय घेतलं ते विचारत बसू नकोस, कुठला कोर्स कुठे चालतो ते दाखवणाऱ्या असिस्ट वेबसाइटवर तुझं कॉलेज, तुझं कॅम्पस आणि तुझा मेजर टाकून बघ. मेकॅनिकलची यादी कॉम्प्युटर सायन्सला लागू पडत नाही. साठ मैलांवरच्या दोन कॅम्पसच्या याद्याही जुळत नाहीत.

1सीला सीट नसेल तर वेटलिस्टवर नाव टाक आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस. संध्याकाळचा वर्ग मिळाला तर संध्याकाळचा. कामाचे तास कमी करावे लागले तर आईशी मी बोलतो. सोपी जीई एखादी घे सोबत, जीपीएला हातभार लागेल, पण सोबतच. गणिताच्या जागी नाही.

रविवारी घरी ये. काकू थालीपीठं करणार आहे. असिस्टची यादी कागदावर छापून आण, फोनवर मला दिसत नाही. 1सीचं पुस्तकही आण. त्यातल्या इन्फिनिट सिरीज मला तेव्हाही नीट कळल्या नव्हत्या.

तुझा
काका