आधी गुडघा, मग तारीख

प्रिय बाळ,

लातूरचे डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा. सोलापूरचे म्हणतात, आधी सूज उतरू द्या. मामा म्हणायलेत, पट्टा बांधून विभागीय खो-खो स्पर्धा तेवढी खेळून घे. आजीनं तर गावातल्या नस बसवणाऱ्याला निरोपही धाडलाय. आणि या सगळ्या गोंधळात तू मला विचारलंस काय, तर "मॅडम, राज्य स्पर्धेपर्यंत होईल का?"

नाही होणार. मुळात सुरुवातच तारखेपासून करायची नाही. आधी गुडघा, मग तारीख. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

आजीला नीट समजावून सांग, नस सरकलेली नाही. मांडीचं हाड आणि नडगी आतून धरून ठेवणारं लिगामेंट, एसीएल, तुटलंय. खांबापाशी वळताना तू पाय रोवलास, कुणाचा धक्का नाही, तरी आतून कट् आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढं ओढली तेव्हा ती सैल सरकली, हे तूच लिहिलंयस. एमआरआयवरही पूर्ण तुटल्याचं आलंय. चोळून ते जुळणार नाही, सूज मात्र वाढेल. त्या माणसाला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता मामांचा पट्टा. सरळ चालताना पट्ट्याचा आधार वाटतो, खरं आहे. पण साखळी खेळताना, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळताना, शरीर एकीकडं आणि पाऊल दुसरीकडं जातं, तो पीळ कापडी पट्टा अडवत नाही. गुडघा एकदा निसटला की दोन हाडांच्या मधली गादी फाटायची भीती. तुझी गादी अजून शाबूत आहे. तुझ्याजवळ आत्ता सगळ्यांत मोलाचं काही असेल तर ते हेच, आणि तेच तू विभागीयच्या एका सामन्यावर लावायला निघालीस! फार पूर्वी माझ्या हाताखालच्या एका मुलीला, मी नको म्हणत असताना, शाळेनं ढाल हवी म्हणून असंच उतरवलं. ढाल मिळाली. त्या मुलीला आज जमिनीवर बसून भाकरी थापता येत नाही, ओट्याशी उभं राहून थापते. माझं कुणी ऐकलं नाही, ती सल गेलेली नाही. म्हणून मी हट्टी आहे, आणि हट्टीच राहणार.

तुझ्या दादानं पाठवलेला तो लेखही वाचला, ऑपरेशनशिवाय बरं होतं म्हणणारा. त्यातला स्वीडनचा अभ्यास खरा आहे, २०१० साली आलेला. काहींचं लगेच ऑपरेशन केलं आणि काहींना आधी व्यायाम देऊन, लागलं तरच ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण ती माणसं १८ ते ३५ वयाची होती, अव्वल दर्जाचे खेळाडू त्यात घेतलेच नव्हते, आणि आधी व्यायाम केलेल्यांतल्या जवळपास निम्म्यांचं पाच वर्षांत ऑपरेशन झालंच. तुला फक्त चालायचं-फिरायचं असतं तर मीही म्हटलं असतं, व्यायाम करून बघ. तुला खो-खो खेळायचाय. लिगामेंट पूर्ण तुटलेलं आणि गुडघा सैल असताना ऑपरेशन करावं, या मताची मी आहे.

पण "लगेच" नाही. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं तर तो नंतर नीट सरळ होत नाही, अशी उदाहरणं पाहिलीत. पलंगावर पाय लांब करून बस, गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेव आणि मांडी आवळून ती दाब. गुडघा पूर्ण सरळ होतो का? पाय न वाकवता टाच उचलता येते का? शिंप्याचा टेप घेऊन दोन्ही मांड्या एकाच उंचीवर मोज, दुखरी किती बारीक झाली ते दिसेल. सूज उतरून पाय सरळ होईपर्यंत फिजिओकडं जात राहा. अपवाद एकच. गुडघा मध्येच अडकून बसला, सरळच होईना, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणखी एक, जे तू लाजून विचारणार नाहीस. तुझी पाळी कधी सुरू झाली, हे डॉक्टरांना सांग. तुझी उंची अजून वाढतेय का, त्याचा त्यावरून अंदाज येतो. हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी उघडी असेल तर नवं लिगामेंट बसवायला त्यातून भोक पाडताना जपावं लागतं, नाहीतर पाय वाकडा किंवा आखूड होण्याचा धोका असतो. मुलींची ती साधारण चौदा-पंधराव्या वर्षी बंद होते, तरी एक्स-रे बघूनच ठरवायचं. नवं लिगामेंट तुझ्याच अंगातून घेणार ना, आणि कुठून, मांडीमागून की वाटीखालून, हेही विचार. दुसऱ्याच्या शरीरातलं बसवलेलं तुझ्या वयात जास्त वेळा तुटतं. खर्चाचं म्हणशील तर महात्मा फुले योजनेत बसतंय का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला बाबांनी आधीच विचारावं.

ऑपरेशन झालं की तारीख पुन्हा डोकं वर काढेल. सहाव्या महिन्यात पळता येईल, दुखणार नाही, मैत्रिणी म्हणतील चल. त्या वेळी हे पत्र काढ. नऊ महिन्यांच्या आत वळणाचा खेळ नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत थांबलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्यानं घटलेला दिसला. पंचविशीच्या आत खेळात परतलेल्यांपैकी जवळपास चौघांत एकाचं लिगामेंट पुन्हा तुटतं, कधी त्याच गुडघ्याचं, कधी दुसऱ्या. आणि नुसते नऊ महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या नव्वद टक्के, एका पायावरच्या उड्या दोन्हीकडं जवळपास सारख्या, हे मोजून झाल्यावरच मैदान. आधी गुडघा, मग तारीख!

परीक्षेतले क्रीडागुण, पुढं नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, सगळं ठाऊक आहे मला. आपल्याकडं खो-खोनं घरं वर काढलीत. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या मैदानावर लहान पोरींची गर्दी वाढली, त्यातलीच तू एक. म्हणूनच सांगते. ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात निवड झालेल्या एका मुलीला मी राज्य स्पर्धेला नेलं नाही. तिच्या वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलं, गावात काय काय म्हटलं गेलं. मला त्याचं काही वाटत नाही. ती पुढं विद्यापीठाकडून खेळली. न खेळती, तरी मी तेच केलं असतं.

रविवारी संध्याकाळी सहानंतर फोन कर. एमआरआयचा कागद, एक्स-रे आणि मांड्यांची मापं जवळ ठेव. बाबांना बसवच, आणि मामांनाही बोलव. त्यांच्याशी मी बोलते.

तुझी,
मॅडम