दाढीवाला, टोपीवाला आणि आरती

प्रश्न : मुलगा सेकंड इयरला आहे, एफसी रोडवरून कुणा दाढीवाल्या, टोपीवाल्या माणसाचा लाल टीशर्ट आणलाय आणि अंगातून काढायचं नाव नाही. परवा तोच घालून आरतीला उभा, तर सासरेबुवांनी विचारलं, हा कोण रे, गायक का? आणि चिरंजीवांनाच सांगता येईना! कोण हा माणूस, आणि आरतीला असलं चालतं का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, गायक नाही, डॉक्टर! चे गव्हेरा, मूळचा अर्जेंटिनाचा, दम्याचा पेशंट, फिडेल कॅस्ट्रोबरोबर क्यूबाच्या क्रांतीत लढला आणि १९६७ मध्ये बोलिव्हियात मारला गेला. १९५९ ला दिल्लीत येऊन नेहरूंनाही भेटून गेलेला, हे सासरेबुवांना नक्की सांगा, त्यांचा राग निम्म्यावर येईल.

पण खरी गंमत त्या फोटोची. ५ मार्च १९६०, हवानाच्या बंदरात स्फोटकं आणणारं जहाज आदल्या दिवशी उडालेलं, त्यात गेलेल्यांसाठी शोकसभा चालू होती, चे स्टेजवर पुढे आला, काही सेकंद उभा राहिला आणि कोर्डा नावाच्या फोटोग्राफरने फटाफट दोन फोटो काढले. एका फ्रेममध्ये शेजारी दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसरीकडे झाडाच्या झावळ्या, ते कापून टाकलं आणि उरला तो आपला टीशर्ट. कोर्डाच्या पेपरने तो फोटो तेव्हा छापलासुद्धा नाही! १९६८ मध्ये जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्याचं लाल-काळं पोस्टर केलं, मग काय, जगभर. कोर्डाने रॉयल्टी कधी मागितली नाही, फक्त २००० साली व्होडकाच्या जाहिरातीत वापरला तेव्हा भडकून कोर्टात गेला आणि मिळालेले ५० हजार डॉलर क्यूबातल्या औषधांसाठी देऊन टाकले. तुमच्या चिरंजीवांनी तो टीशर्ट घासाघीस करूनच घेतला असणार, त्यातला एक पैसाही कोर्डाच्या घरी गेलेला नाही.

आणि बघा, तो घेतला कुठे, फर्ग्युसन रस्त्यावर! १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, टिळकांचं भाषण झालं, आणि पुढाकार घेणाऱ्या सावरकर नावाच्या विद्यार्थ्याला फर्ग्युसन कॉलेजने १० रुपये दंड करून वसतिगृहातून बाहेर काढलं. तेव्हा कपडा जाळून भांडले, आता कपड्यावर भांडण छापून विकतात.

आरतीला चालतं का? माझ्या मते चालतं, बाप्पाला काही वाटत नाही, पण धुतलेला असावा. उलटा करून गार पाण्यात धुवा आणि छापावर इस्त्री नको, नाहीतर दाढीला तडे जातात.

प्रश्न : आजोबांचं खादीचं जॅकेट कपाटात सापडलंय, डांबरगोळ्यांचा भयंकर वास येतोय. ऑफिसला घालू का, कार्टून दिसेन का?
– सदाशिव पेठ

उत्तर : घाला की! दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर लटकवा, वास जाईल, सेंट मारू नका, दोन्ही वास येतील. इस्त्री आतल्या बाजूने, पाणी शिंपडून. खाली साधी जीन्स. आणि घालायच्या आधी खिसे तपासा, माझ्या आजोबांच्या जॅकेटमध्ये एक सुपारी आणि दुधाचा हिशोब निघाला होता, तो मी अजून जपून ठेवलाय.