थिसिसचा विषय कुठून आणायचा आणि गाईडकडे काय घेऊन जायचं?

प्रश्न : नमस्कार सर, मी मिरजेची, सांगलीत एमटेक करतेय. तिसऱ्या सेमला डिझर्टेशन सुरू होतंय, सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आलीय आणि विषयच ठरत नाहीये. गाईड सर म्हणतात तूच काहीतरी घेऊन ये, मी 'एआय वापरून सॉफ्टवेअर टेस्टिंग' म्हटलं तर म्हणाले फार मोठं आहे. वर्गातली काही मुलं पैसे देऊन रेडीमेड प्रोजेक्ट घेतायत, घरचे म्हणतात तूही घे आणि मोकळी हो, पण मला खरंच काम करायचंय. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : रेडीमेडच्या नादाला अजिबात लागू नकोस. तोच रिपोर्ट अजून चार जणांना विकलेला असतो आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की प्रश्न सुरू होतात, आणि त्यातून सुटलीस तरी व्हायव्हाला एक्स्टर्नलनी 'ही पद्धत का निवडली' एवढं विचारलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही. तुला काम करायचंय हे वाचून फार बरं वाटलं.

तुझे सर बरोबर बोलले. एवढ्या मोठ्या रानात शिरलीस तर वर्ष संपेल आणि तू बांधावरच असशील. सहा-आठ महिन्यांत मोजून उत्तर देता येईल असा एक प्रश्न हवा. आपल्याकडे बरेच जण 'हळदीच्या सौद्याचं अ‍ॅप' असा विषय देतात, अ‍ॅप चांगलंच आहे, उपयोगाचं आहे, पण त्यातून काय मोजलं ते सांगता आलं नाही तर कमिटी परत पाठवते.

टेस्टिंग आवडतंय ना, मग फ्लेकी टेस्ट, म्हणजे भरवसा नसलेल्या टेस्ट, बघ. कोडमधे काही बदल नाही तरी तीच टेस्ट सकाळी पास, दुपारी फेल, मग टीम वैतागते आणि खरा बग आला तरी 'परत रन कर, होईल पास' म्हणून सोडून देते. इलिनॉय विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ साली अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या ५१ प्रोजेक्टांमधले अशा टेस्ट दुरुस्त करणारे २०१ कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, तपासले, तर सगळ्यात मोठं कारण निघालं असिंक वेट, म्हणजे टेस्ट सर्व्हरला कॉल करते आणि उत्तर नीट यायच्या आधीच पुढं जाते. पुढं २०२१ साली तोच प्रश्न पायथॉनच्या प्रोजेक्टांना विचारला गेला आणि तिथं मुख्य कारण वेगळंच निघालं, टेस्ट कोणत्या क्रमानं चालवल्या त्यावर निकाल बदलत होता. बघ, प्रश्न तोच, भाषा बदलली आणि उत्तर बदललं! तुला फ्लटर, म्हणजे मोबाइल अ‍ॅप बनवायचं गुगलचं टूलकिट, येत असेल तर फ्लटरच्या ओपन सोर्स अ‍ॅपमधे काय होतं हे विचारता येईल, आधी कोणी केलंय का ते गुगल स्कॉलरवर बघून घे, केलं असेल तर त्यांनी काय सोडलं ते बघ.

असे पेपर आयसीएसई आणि एमएसआर या सॉफ्टवेअर संशोधनाच्या कॉन्फरन्सच्या यादीत मिळतात, बऱ्याच लेखकांनी ते अर्काइव्ह (arXiv) या साइटवर फुकट ठेवलेले असतात. पेपरमधलं 'थ्रेट्स टू व्हॅलिडिटी' आधी वाच, कारण आपलं काम कुठं लंगडं आहे ते लेखकांनी तिथं स्वतःच लिहिलेलं असतं आणि तुझा विषय बहुतेक तिथंच सापडेल. आवडलं की त्याच दिवशी एखादी रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड, आपल्याकडे उतरवून टेस्ट चालवून बघ, तुझ्या लॅपटॉपवर बिल्डच होत नसेल तर विषय कितीही भारी असू दे, सोडून दे.

मग सरांकडे एक पान घेऊन जा. प्रश्न एका वाक्यात, आधीचे चार-पाच पेपर काय म्हणतात, डेटा कुठला, मोजणार कसं आणि कोणत्या महिन्यात काय, बास. समोर कागद असला की सर पेन काढतात, 'हे काढ, हे घाल' सुरू होतं आणि विषय तिथंच आकाराला येतो. बाहेरच्या कॉलेजचा को-गाईड हवा असेल तर पन्नास जणांना एकच मेल ढकलू नकोस, दोघा-तिघांना पाठव, त्यांचा कोणता पेपर वाचला आणि त्यातलं काय पुढं न्यायचंय ते सुरुवातीलाच लिही, हेच पान जोड. सरांना मात्र आधी विचार.

प्रश्न : मी साताऱ्यातून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, सोबत एमटेक चालू आहे. कंपनीच्याच कोडवर थिसिस केला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चालतं, पण लेखी परवानगी आधी घ्या. मॅनेजर तोंडी हो म्हणाले तरी त्यावर जाऊ नका, ते उद्या दुसऱ्या टीमला गेले तर तुम्ही अडकाल, आणि थिसिस कॉलेजच्या लायब्ररीत राहतो, कोणीही वाचू शकतं, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, असेल तर ते महागात पडेल. कोड न देता फक्त आकडे छापणार, मॉड्यूलची नावं बदलणार, असं स्पष्ट लिहून मेल करा आणि उत्तर सिनॉप्सिसला जोडा. आणि परवानगी अडकलीच तर हातात दुसरा डेटा ठेवा. डिफेक्ट्सफोरजे नावाचा जावाच्या खऱ्या बगांचा संच फुकट मिळतो, प्रश्न असा बांधा की दोन्हींवर चालेल.